जलसंजीवनी : एका मापाचा इतिहास

वैद्यकाच्या इतिहासाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर लसी येतात, प्रतिजैविके येतात, हृदयावरच्या शस्त्रक्रिया येतात. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ ही गोष्ट त्या पंक्तीत बसवायला मन धजत नाही. तरीही गेल्या अर्धशतकात या मिश्रणाने वाचवलेल्या जिवांचा अंदाज पाच कोटींच्या पुढे केला जातो. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्यामागच्या शोधाला विसाव्या शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले होते. मीठ, साखर आणि पाणी प्रत्येक घरात असताना हा उपाय हाती यायला कॉलऱ्याच्या पहिल्या मोठ्या साथीपासून दीडशे वर्षे का लागली, आणि हाती आल्यानंतरही तो दुय्यम, गरिबाघरचा, 'तात्पुरता' का ठरला, हे या लेखात पाहायचे आहे.

या प्रश्नाकडे प्रयोगशाळेतून पाहण्याऐवजी एखाद्या गावाच्या वेशीवरून पाहिले तर तो अधिक नीट दिसतो. त्यासाठी बारामती तालुक्यातले कोऱ्हाळे बुद्रुक हे गाव घेऊ. ते तालुक्याच्या पश्चिम भागात, नीरेहून बारामतीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाली आणि त्यानंतरच्या दशकात नीरा डावा कालवा झाला. पुरंदर, बारामती, इंदापूर या तालुक्यांतील कोरड्या माळांना त्याने पाणी दिले. पाण्याबरोबर ऊस आला, उसाबरोबर गुऱ्हाळे आली आणि पुढे सहकारी साखर कारखाने आले. सोमेश्वर कारखाना इथून जवळच आहे. उसामागून तोडणीच्या टोळ्या येऊ लागल्या. शिवाय आषाढात याच वाटेने वारी जाते. सोपानकाकांची पालखी सासवडहून निघून सोमेश्वरनगर, कोऱ्हाळे बुद्रुक या मार्गाने बारामतीकडे सरकते, तर तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरमार्गे पंढरीकडे जाते. कालव्याकाठचे गावकरी, पायी चालणारे वारकरी आणि उन्हात कोयता चालवणारे मजूर, असे तीन समूह या एका टापूत एकमेकांना छेदून जातात. शरीरातले पाणी आणि क्षार ढळण्याचे जितके प्रकार प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला भेटतात, तितके सगळे या तिघांत मिळून सापडतात.

मोडशी, पटकी, मरीआई

रोगाच्या इतिहासाचा पहिला पुरावा पुष्कळदा भाषेत सापडतो. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली आपला संवादग्रंथ छापला. त्यात उलट्या-जुलाबांनी काही तासांत माणूस संपवणाऱ्या व्याधीचे वर्णन आहे आणि तिचे स्थानिक नावही आहे. हे नाव म्हणजे आपली 'मोडशी'. पोर्तुगिजांच्या तोंडी तिचे 'मोर्देशी' झाले. पुढे फ्रेंचांनी ते नाव आपल्या कानाने ऐकले आणि त्यातून 'कुत्र्याचे मरण' असा अर्थ देणारा शब्द घडवला. मूळ शब्दात कुत्रा नाही आणि मरणही नाही, त्यात केवळ 'मोडणे' आहे. माणूस मोडतो, अंग मोडते, बळ मोडते. शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेले की नेमके हेच होते. डोळे खोल जातात, आवाज बसतो, पोटऱ्यांत गोळे येतात, कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते. ज्याने हा शब्द घडवला त्याने रोगाचे कारण ओळखले नव्हते, पण रोगी मात्र बारकाईने पाहिला होता.

१८१७ साली बंगालमधील जेसोरकडून निघालेली साथ पुढच्याच वर्षी दख्खनेत आणि मुंबईत पोहोचली. पेशवाई नुकतीच बुडाली होती. फौजा फिरत होत्या आणि त्यांच्या मागोमाग रोगही फिरत होता. १८१९ मध्ये मुंबई सरकारने या साथीवरचे अहवाल छापले. त्या काळच्या इंग्रज डॉक्टरांचे उपचार म्हणजे पाऱ्याचे कॅलोमेल, अफूचा अर्क, ब्रँडी आणि शीर तोडून रक्त काढणे. ज्याच्या शरीरातले पाणी आधीच आटले आहे त्याचे रक्त काढायचे, ही कल्पना आज अंगावर काटा आणते. गावाने आपला उपाय वेशीबाहेर शोधला. मरीआईचा गाडा निघाला, नवस झाले, पोतराजाचा आसूड कडाडला. सरकारी दवाखाना आणि मरीआईचे ठाणे यांच्यात एक साम्य होते : तहानलेल्या रोग्याने मागितलेले पाणी दोन्हीकडे उपचार मानले जात नव्हते. उलट जुलाब होत असताना पाणी दिले तर ते वाढतात, ही समजूत विलायतेतही होती आणि आपल्या घराघरांतही होती. तान्ह्या मुलांच्या बाबतीत ती आजही पुरती गेलेली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाला राजकीय वळण लागले. १८६६ साली कॉन्स्टॅन्टिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. भारतातील तीर्थयात्रा हे कॉलऱ्याच्या प्रसाराचे प्रबळ कारण आहे, असा ठपका तिने ठेवला. तेव्हापासून पंढरपूरसारखी क्षेत्रे सरकारी नजरेत रोगाची उगमस्थाने झाली. यात्राकर, गर्दीचे नियमन, विहिरींचे निर्जंतुकीकरण आणि पुढे प्रतिबंधक टोचणी अशी उपायांची मालिका सुरू झाली. तिच्यातले काही उपाय निःसंशय उपयोगी होते, कारण दूषित पाणी हेच मूळ होते. परंतु या साऱ्या व्यवस्थेत वारकरी हा रोग वाहून नेणारा होता. तो वाटेत कोसळला तर रस्त्याच्या कडेला त्याच्यासाठी काय करायचे, याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

शिरेतले मीठ

उत्तराचा अर्धा भाग मात्र फार लवकर सापडला होता. १८३१ च्या अखेरीस विल्यम ओशॉनेसी या बावीस वर्षांच्या तरुण डॉक्टरने इंग्लंडमध्ये कॉलऱ्याच्या रोग्यांचे रक्त तपासले. त्यातले पाणी, मीठ आणि अल्कली कमालीचे घटल्याचे त्याला आढळले. जे गेले ते परत घालावे, हा निष्कर्ष उघड होता. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लाटा याने तो अमलात आणला. मरणपंथाला लागलेल्या एका वृद्धेच्या शिरेत त्याने मिठाचे पाणी सोडले. अर्ध्या तासात ती बोलू लागली. लाटा तिला रुग्णालयातील दुसऱ्या डॉक्टरवर सोपवून गेला, जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा दिले गेले नाही आणि काही तासांत ती दगावली. एकदा भरून भागत नाही, जितके जाते तितके भरत राहावे लागते, हा धडा त्या घटनेत स्पष्ट होता. पण लाटा दुसऱ्याच वर्षी वारला. निर्जंतुक पाण्याची सोय त्या काळी नव्हती आणि शिरेतून दिलेल्या पाण्याने काही रोगी दगावलेही. पद्धत मागे पडली. ओशॉनेसी १८३३ मध्ये कलकत्त्याला आला आणि पुढे भारतातील तारयंत्राचा आद्य प्रवर्तक म्हणून प्रसिद्ध झाला. कॉलऱ्याच्या माहेरी राहूनही त्याने आपला तो शोध पुढे नेला नाही.

तो धागा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्यातच लिओनार्ड रॉजर्स यांनी उचलला. शिरेतून तीव्र क्षारद्रावण देऊन त्यांनी कॉलऱ्यातील मृत्युप्रमाण सुमारे साठ टक्क्यांवरून तीसच्या आसपास आणले. 'सलाईन' नावाच्या बाटलीचा दबदबा इथून सुरू होतो, आणि तो उगाच निर्माण झालेला नाही. नाडी लागत नसलेला माणूस तिने डोळ्यांदेखत उठून बसतो. पण ती लावायला सुई, निर्जंतुक पाणी, खाट, प्रशिक्षित हात आणि पैसा लागतो. ज्या आषाढात पूर येतो, रस्ते तुटतात आणि पटकी पसरते, त्याच आषाढात या पाचांतली एकही गोष्ट खेड्यात मिळत नसे.

तोंडाची वाट

रोगी पाणी पिऊ शकतो, तर तोंडावाटेच का देऊ नये? मीठपाणी नुसते प्यायला दिले तर कॉलऱ्यात ते आतड्यातून जसेच्या तसे बाहेर पडते, असा अनुभव होता. म्हणून आतड्याचे अस्तर रोगाने खरवडून निघते, आता ते काहीच शोषून घेणार नाही, असे समीकरण दृढ झाले होते. हे चुकीचे असल्याचा पहिला ठोस पुरावा एका भारतीय डॉक्टरने दिला. १९५३ साली कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी 'लॅन्सेट'मध्ये १८६ रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. एक लिटर पाण्यात चार ग्रॅम मीठ आणि पंचवीस ग्रॅम ग्लुकोज घालून ते रोग्यांना पाजले आणि रोगी बरे झाले. जगाने या लेखाकडे पाहिले नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, शास्त्रीय उपपत्ती नव्हती, असे आक्षेप पुढे सांगितले गेले. ते खोटे नाहीत. पण शास्त्रातही कोण बोलतो यावर ऐकले जाण्याचे प्रमाण ठरते, हेही तितकेच खरे.

उपपत्ती १९६० मध्ये आली. रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने प्राग येथील परिषदेत सांगितले की आतड्याच्या पेशींवर सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेणारे एक दार असते. एकट्या सोडियमला ते उघडत नाही. दोघे बरोबर आले की उघडते आणि त्यांच्यामागून पाणी आत जाते. त्याआधी वर्षभर, १९५९ मध्ये, कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी कॉलऱ्याचे जंतू एक विष तयार करतात आणि त्या विषानेच आतड्यात पाणी झिरपते, हे दाखवले होते. दोन्ही शोध एकत्र ठेवले की चित्र पुरे होते. पाणी बाहेर सोडणारे दार विषाने उघडे पडते, पण साखर-मिठाच्या जोडीचे दार शाबूत राहते. अस्तर नष्ट झालेले नसते.

तरीही मार्ग सरळ नव्हता. अमेरिकी नौदलाचे रॉबर्ट फिलिप्स यांनी १९६२ मध्ये फिलिपाइन्समध्ये असेच द्रावण वापरले, पण त्यात सोडियम फार होते आणि काही रोगी दगावले. वस्तू तीच, माप चुकले. पुढची पायरी ढाक्यात चढली गेली. १९६८ मध्ये डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी एक साधी शिस्त पाळली. रोग्याला मध्यभागी भोक असलेल्या खाटेवर निजवायचे, खाली बादली ठेवायची, बादलीत किती गेले ते मोजायचे आणि तितके द्रावण पाजायचे. शिरेतल्या सलाईनची गरज त्यामुळे सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटली. लाटाच्या वृद्धेला जे मिळाले नव्हते तेच इथे घडले : गेले ते मोजले आणि गेले तितके दिले. कॉलऱ्यावरचा सर्वांत मोठा विजय बादलीतल्या खुणेने मिळवून दिला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

बनगाव, १९७१

हे सर्व अजून रुग्णालयातच होते. डॉक्टर मोजत होते, परिचारिका पाजत होत्या. माप घरच्या माणसाच्या हातात गेले ते युद्धाच्या रेट्याने. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेवरच्या बनगाव येथे छावण्यांत कॉलरा पसरला. दिलीप महालनबीस तिथे पोहोचले तेव्हा रुग्णालयाच्या दोन खोल्यांत रोगी जमिनीवर घाणीत पडले होते आणि सलाईनचा साठा संपत आला होता. त्यांनी कलकत्त्यात ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या भरल्या : लिटरमागे बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. बनगावला पिंपांत द्रावण करून तोट्या बसवल्या आणि रोग्यांच्या आई, बाप, भाऊ यांना सांगितले की पेला भरा आणि पाजत राहा. ज्या छावण्यांत तीस टक्क्यांपर्यंत रोगी मरत होते, तिथे महालनबीसांच्या देखरेखीखाली हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले.

या घटनेतला एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. साखर-मिठाचे पाणी म्हटले तर लोक विश्वास ठेवणार नाहीत, हे महालनबीसांना ठाऊक होते. लोकांना 'सलाईन' माहीत होते. म्हणून त्यांनी या द्रावणाला तोंडाने घेण्याचे सलाईन म्हटले. आजही बांगलादेशात त्याचे रूढ नाव 'खाबार सॅलाइन' हेच आहे. बाटलीची प्रतिष्ठा पुडीला उसनी मिळाली आणि पुडी रुजली. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले, तोवर बनगावला बावन्न वर्षे होत आली होती.

बांगलादेशाने यापुढचे पाऊलही टाकले. पुड्या सगळीकडे पोहोचणार नाहीत हे ओळखून 'ब्रॅक' या संस्थेने १९८० ते १९९० या काळात घरोघर शिक्षिका पाठवल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढाच पाठ. एक कोटीहून अधिक घरांतील स्त्रियांना तो शिकवला गेला. शिक्षिकेचा मोबदला तिने किती घरे केली यावर ठरत नसे. मागाहून जाणाऱ्या तपासनिसाला त्या घरच्या बाईने किती नीट सांगितले, यावर तो ठरे. आरंभी बायकांना पाठ यायचा, पण त्या तो वापरत नसत. शोध घेता कळले की काही शिक्षिकांचाच त्यावर विश्वास नव्हता आणि घरातल्या पुरुषांना कोणी विचारलेच नव्हते. दोन्ही दुरुस्त केल्यावर वापर वाढला. ज्ञान आणि विश्वास या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे यापेक्षा स्वच्छपणे कुठे दिसणार?

नाव बदलले, प्रतिष्ठा राहिली

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रातही हे काम झाले आणि चांगले झाले. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला उभ्या केलेल्या प्रकल्पात अक्षरओळखही नसलेल्या ग्रामआरोग्य सेविकांनी जुलाबाच्या मुलाला घरच्या घरी मीठ-साखरेचे पाणी देण्याची रीत गावोगाव रुजवली. नंतर अंगणवाड्या आल्या, २००५ नंतर 'आशा' आल्या, आणि पुडी गावातल्या गावात मिळू लागली. सरकारी पत्रकांनी आणि शालेय पुस्तकांनी तिला सुंदर नाव दिले : 'जलसंजीवनी'. या नावामागे कचाची कथा आहे. शुक्राचार्यांची संजीवनी विद्या कचाला मिळाली ती गुरूच्या पोटात असताना, आणि या संजीवनीचे गुपितही पोटातच, आतड्याच्या अस्तरात, सापडले. फरक इतकाच की शुक्राचार्यांची विद्या एकाच्याच कानात सांगायची होती आणि हिचे सारे सामर्थ्य सर्वांना सांगण्यात आहे.

पण नाव इतके सुंदर ठेवल्याने एक गोष्ट निसटली. बंगालीत पुडीलाही सलाईन म्हटले गेले. मराठीत सलाईन म्हणजे बाटलीच राहिली. ऊसपट्ट्यातल्या कोणत्याही बाजारगावी जा, 'अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा' हे वाक्य कानावर पडते. बाटलीत काय असते ते पाहू. नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे चमचाभराहून कमी. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते. तिच्यातली शक्ती एका केळ्याइतकीही भरत नाही. दोन्हींत पोटॅशियमचा कण नसतो, आणि जुलाबांत तर पोटॅशियम भरपूर जाते. जो पिऊ शकतो त्याला पुडीतून या बाटल्यांहून अधिक मिळते. लोकविज्ञान आणि जनआरोग्य चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी हे गणित वर्षानुवर्षे गावसभांतून मांडले. तरीही मजुरीच्या दोन-तीन दिवसांचे पैसे घालून बाटली घेतली जाते. घेणाऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण बाटलीबरोबर त्याला खाट मिळते, तासभर विसावा मिळतो, डॉक्टरचा हात लागतो आणि आपले दुखणे खरे असल्याची साक्ष मिळते. पुडी यांतले काहीच देत नाही. ती उलट काम सांगते : पाणी उकळ, गार कर, माप घे, पाज, पुन्हा पाज. ज्या बाईला पहाटे फडात उभे राहायचे आहे तिला हे काम सांगताना आपण किती मोठी मागणी करतो, याचे भान धोरण आखणाऱ्यांना क्वचितच असते.

सलाईन नको असेही नव्हे. ज्याची शुद्ध हरपली आहे, नाडी क्षीण आहे, ज्याला पिता येत नाही, त्याला शिरेतून रिंगर लॅक्टेट द्यावेच लागते आणि ताबडतोब द्यावे लागते. प्राथमिक केंद्रातली सारी कसोटी या निवडीत आहे. मूल चिडचिडे आहे, आधाशीपणे पाणी पिते, डोळे खोल गेले आहेत, कातडी सावकाश बसते, तर दर किलो वजनामागे पंचाहत्तर मिलिलिटर जलसंजीवनी चार तासांत चमच्याचमच्याने द्यायची आणि मग पुन्हा पाहायचे. मूल सुस्त पडले, पाणीही घेईना, तर बाटली लावायची. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. डोळे, बोटे आणि घड्याळ लागते.

मापही स्थिर राहिलेले नाही. १९७५ चे जागतिक आरोग्य संघटनेचे द्रावण कॉलऱ्यासाठी उत्तम होते, पण इतर जुलाबांत मुलांना त्यातला क्षार थोडा जास्त होई. २००२ नंतर मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी करण्यात आले. लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, असे हे सध्याचे सूत्र. २००४ पासून मुलांना जोडीला झिंकच्या गोळ्या द्याव्यात असाही सल्ला आहे. साखर वाढवली की द्रावण गोड लागते, पण आतड्यात ती उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच औषधाच्या दुकानात 'ओआरएस' या अक्षरांखाली विकली जाणारी गोड पेये हा किरकोळ विषय नव्हता. एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानक प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ही अक्षरे छापण्यास मनाई केली. माप चुकवून नाव तेवढे ठेवणे म्हणजे काय, याचे हे ताजे उदाहरण.

तीन तहानांचा हिशेब

कोऱ्हाळ्याच्या वाटेवरचे तीन समूह पुन्हा पाहू. गावातल्या अतिसार झालेल्या मुलाला आता पुडी मिळण्याची शक्यता पूर्वीपेक्षा खूप अधिक आहे. देशभरात अशा मुलांपैकी २००५-०६ मध्ये सुमारे २६ टक्क्यांना ओआरएस मिळाले होते. २०१५-१६ मध्ये हा आकडा ५१ आणि २०१९-२१ मध्ये ६१ टक्क्यांच्या आसपास गेला, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. प्रगती मोठी आहे. पण जे द्रव्य फुकट आहे आणि गावात आहे, ते दहांतल्या चौघांना मिळत नाही, हाही त्याच आकड्याचा अर्थ आहे.

वारीत चालणारी पुष्कळ मंडळी साठी ओलांडलेली असतात. त्यांचे दुखणे वेगळे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, त्यात उलट्या-जुलाब किंवा नुसता घाम, आणि तहान भागवायला साधे पाणी. अशा वेळी रक्तातले सोडियम उतरते आणि माणूस बरळू लागतो, तोल जाऊन पडतो. त्याला पाच टक्के डेक्स्ट्रोजची बाटली लावली तर सोडियम आणखी उतरते. इथे रक्ततपासणीला पर्याय नाही. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेव्हा ती दूर राहिलेली नाही. पण 'गोळ्या कोणत्या चालू आहेत?' हा प्रश्न तंबूतल्या डॉक्टरने आधी विचारायला हवा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा रोगी असेल तर पुडीही विचारपूर्वकच द्यायची असते.

तिसरा समूह ऊसतोड मजुरांचा. बीड आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतून 'कोयते' येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, ही या धंद्याची मोजणी. फडाकडेच्या कोपीत संसार, पाणी मिळेल तिथले, आणि हंगाम लांबला की चैत्राचे ऊन. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वादोरच्या उसाच्या मळ्यांत, ऐन तारुण्यातल्या मजुरांची मूत्रपिंडे निकामी होताना गेल्या काही दशकांत आढळली. उन्हातले अतिश्रम आणि वारंवार पाणी आटणे हे त्याचे प्रमुख संशयित कारण मानले जाते, आणि पाणी, विश्रांती, सावली हे तिथे सुचवले गेलेले उपाय आहेत. यातली दुसरी आणि तिसरी गोष्ट कोणत्याही पुडीत भरता येत नाही. उचल घेतलेल्या, टनावर मजुरी मिळणाऱ्या कोयत्याला विश्रांतीचे माप कोण देणार? इथे वैद्यकाचा इतिहास संपतो आणि मुकादम, कारखाना व सरकार यांचा हिशेब सुरू होतो.

असो. जलसंजीवनीची कथा सहसा एका साध्या उपायाची विजयकथा म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण मला ती मापाच्या प्रवासाची कथा वाटते. ओशॉनेसीने रक्तात मोजले, नेलिन-कॅशनी बादलीत मोजले, महालनबीसांनी पुडीत मोजले आणि बांगलादेशच्या बायकांनी बोटांच्या चिमटीत मोजले. प्रत्येक टप्प्यावर मोजणारा हात अधिकाधिक साध्या माणसाचा होत गेला, आणि दर वेळी आधीच्या हाताला शंका आली की याला जमेल काय? जमले, हे इतिहासाने दाखवले आहे. ज्या मुलखात गूळ पिकतो आणि कालव्याचे पाणी दारावरून वाहते, तिथे पाणी, गूळ, मीठ यांपैकी कशाचीच वाण नाही. ते पाणी शुद्ध मिळावे, आणि चिमूटभर मीठ मोजणाऱ्या बाईचा शब्द सुई टोचणाऱ्याच्या शब्दाइतका मोलाचा मानला जावा, एवढेच काय ते शिल्लक आहे.